संथ चेंडूचे मोल

खेळाच्या मैदानावर माणसांचे डोळे दोन गोष्टींकडे चटकन वळतात. एक म्हणजे उंच उडालेला टोला आणि दुसरी म्हणजे वाऱ्यासारखा धावत येणारा गोलंदाज. तोफेतून गोळा सुटावा तसा चेंडू सुटतो, यष्टी हवेत उडते आणि पाहणाराच्या तोंडून आपोआप ‘अरे वा!’ निघून जाते. पण ज्याच्या चेंडूला वेग नाही, जो चार पावले सावकाश चालल्यासारखा येतो आणि चेंडू हातातून अलगद सोडून देतो, त्याच्याकडे कोण पाहतो? त्यातून तो डावखुरा असला तर मग विचारायलाच नको. आपल्या भाषेतसुद्धा डाव्याला मान नाही. एखाद्याला बाजूला सारायचे असले की आपण त्याला ‘डावलतो’. घरात पोराने डाव्या हाताने घास उचलला की आजीची चापट त्या हातावर ठरलेली.

तेव्हा आज मी तुम्हाला अशाच एका संथ, डाव्या हाताच्या माणसाची हकीकत सांगणार आहे. त्यांचे नाव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी. सारे जग त्यांना बापू नाडकर्णी म्हणून ओळखते.

बापूंचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिकला झाला. पुढे पुणे विद्यापीठाकडून खेळता खेळता ते १९५१-५२ च्या हंगामात रणजी करंडकासाठी महाराष्ट्राच्या संघात आले. इथे आपल्या परभणीकरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वर्षी महाराष्ट्र नावाचे राज्यच अस्तित्वात नव्हते आणि आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा झाला. म्हणजे राज्य व्हायच्या आधीपासून महाराष्ट्र या नावाने एक क्रिकेटचा संघ खेळत होता आणि त्या संघात हा नाशिकचा तरुण होता. दोन वर्षांनी त्यांनी बलाढ्य मुंबईविरुद्ध ब्रेबोर्न स्टेडियमवर आपले पहिले शतक काढले. तेही कसे, तर शेवटचा भिडू सदाशिव पाटील यांना हाताशी धरून. अखेरच्या जोडीने १०३ धावांची भर घातली. सगळे बाद झाले म्हणून हा गडी हात टेकून बसला नाही, एवढे तुम्ही लक्षात ठेवा. पुढच्या साऱ्या हकिकतीची किल्ली तिथेच आहे.

पहिला कसोटी सामना त्यांना मिळाला तो डिसेंबर १९५५ मध्ये, दिल्लीला, न्यूझीलंडविरुद्ध. मिळाला म्हणजे काय, तर विनू मंकड यांनी त्या सामन्यात विश्रांती घेतली म्हणून जागा रिकामी झाली. मंकडही डाव्या हाताचे संथ गोलंदाज, शिवाय जगातल्या उत्तम अष्टपैलू खेळाडूंपैकी एक. अशा माणसाच्या जागी उभे राहायचे म्हणजे काय ते बघा. बापूंनी फलंदाजीत नाबाद ६८ धावा केल्या. गोलंदाजीत ५७ षटके टाकली आणि बळी एकही मिळाला नाही. पुढे मंकड परत आले आणि बापूंना जागा सोडावी लागली. दुसरा एखादा खट्टू झाला असता. बापू परत आपल्या संघात गेले आणि चेंडू टाकत राहिले.

आता हा डाव्या हाताचा संथ चेंडू म्हणजे नेमके काय, ते थोडे समजून घेऊ. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज उभा आहे. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने बोटांनी चेंडूला पीळ दिला की टप्पा पडल्यावर चेंडू त्या फलंदाजापासून बाहेरच्या अंगाला निसटतो. मारायला जावे तर बॅटची कड लागून झेल जातो. आणि मधूनच एक चेंडू पीळ न देता सोडलेला असतो. तो बाहेर न जाता सरळ आत येतो, आणि बाहेर जाईल या भरवशावर बॅट पुढे केलेला फलंदाज फसतो. हे झाले तंत्र. पण बापूंचा चेंडू काही हातभर वळत नसे. त्यांची खरी करामत टप्प्यात होती. खेळपट्टीवर एक जागा अशी असते की तिथे चेंडू पडला तर फलंदाजाला पुढे येऊन तो टप्प्यावरच दाबता येत नाही आणि मागे सरून सावकाश मारताही येत नाही. पुढे यावे तर चेंडू हाती लागत नाही, मागे जावे तर वेळ पुरत नाही. ती जागा चांगली वीतभर असेल नसेल. त्या जागी एक चेंडू कोणीही टाकील. दहा चेंडू चांगला गोलंदाज टाकील. पण तासन्‌ तास, उन्हात, घामेजल्या बोटांनी तिथेच चेंडू टाकत राहणे हे काम वेगळे आहे. असे सांगतात की सरावाच्या वेळी बापू खेळपट्टीवर एक नाणे ठेवीत आणि त्यावर नेम धरून चेंडू टाकीत.

तुम्ही शेतकरी मंडळी आहात, तुम्हाला हे मी वेगळे काय सांगू? तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायची असली की घरातली जाणती बाईच लागते. औत चालत असते, ढेकळांवरून फण हेलकावे खात असतो आणि तिच्या मुठीतून ज्वारीचे दाणे सारखे, मोजून टाकल्यासारखे पडत असतात. मूठ सैल सुटली की दाट होते, आखडली की वावरात खाडे पडतात. तिच्या हातात जोर लागत नाही. हाताला वळण लागते. आता ट्रॅक्टरची पेरणीयंत्रे आली, पण ज्यांनी ती मूठ पाहिली आहे त्यांना बापूंचा टप्पा समजावून सांगायला नको.

आता त्या प्रसिद्ध दिवसाकडे येऊ. जानेवारी १९६४. इंग्लंडचा संघ भारतात आला होता. पहिला कसोटी सामना मद्रासला, आजच्या चेन्नईला, कॉर्पोरेशन स्टेडियमवर होता. आपले कर्णधार होते मन्सूर अली खान पतौडी. भारताने ७ बाद ४५७ धावांवर डाव सोडला. त्यात बुधी कुंदरन यांच्या १९२ आणि विजय मांजरेकर यांच्या १०८ धावा होत्या. मग इंग्लंड खेळायला आले. पाहुण्यांपैकी काही जण पोटाच्या विकाराने बेजार झाले होते, तेव्हा जे धडधाकट होते त्यांनी गडी राखून खेळायचे ठरवलेले. ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन हे दोघे चिवट फलंदाज खेळपट्टीवर ठाण मांडून बसले.

आणि बापूंनी चेंडू हातात घेतला. पहिल्या खेपेला ३ षटके, तिन्ही निर्धाव. दुसऱ्या खेपेला ७ षटके, २ धावा. तिसऱ्या खेपेला १९ षटके, एक धाव. शेवटच्या खेपेला ३ षटके, २ धावा. एकूण ३२ षटके, त्यांतली २७ निर्धाव, धावा ५ आणि बळी शून्य. यातली २१ षटके तर लागोपाठ निर्धाव गेली. १३१ चेंडू असे सलग पडले की त्यांवर एकही धाव निघाली नाही. आता तुम्ही थोडे गणित करा. ३२ षटके म्हणजे १९२ चेंडू. निर्धाव न गेलेली षटके पाच आणि धावाही पाच, म्हणजे त्या प्रत्येक षटकात एकच धाव निघाली. १९२ पैकी १८७ चेंडूंवर फलंदाजांना काही मिळाले नाही.

लागोपाठ २१ निर्धाव षटकांचा हा विक्रम कसोटी क्रिकेटमध्ये आजवर कोणी मोडलेला नाही. सलग निर्धाव चेंडू मोजले तर दक्षिण आफ्रिकेचे ह्यू टेफिल्ड बापूंच्या पुढे आहेत. त्यांनी १९५६-५७ मध्ये डर्बनला इंग्लंडविरुद्ध १३७ चेंडू धाव न देता टाकले होते. तिकडे तेव्हा आठ चेंडूंचे षटक असे, म्हणून त्यांची षटके कमी भरतात. विक्रमाची वही दोघांचीही नोंद ठेवते.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल, आणि ती येणे रास्त आहे. बळी शून्य! मग या साऱ्या कष्टाचा उपयोग काय? तो सामना अनिर्णित राहिला. ती सारी मालिकाच, पाचही सामने, अनिर्णित राहिली. पैसे मोजून तिकीट काढलेल्या माणसाने दिवसभर उन्हात बसून काय पाहिले, तर एक जण चेंडू टाकतो आहे आणि दुसरा तो अडवतो आहे. हा खेळ की शिक्षा? असे त्या वेळीही लोक म्हणत आणि आज वीस षटकांच्या सामन्यांवर वाढलेली पोरे तर हसतीलच.

याचे उत्तर मला त्याच डावाच्या धावफलकात दिसते. इंग्लंडचा डाव ३१७ धावांवर आटोपला आणि त्यात पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी ८८ धावांत ५ बळी घेतले. कसोटी क्रिकेटमधली त्यांची ती सर्वोत्तम कामगिरी ठरली. गोलंदाजी दोन टोकांकडून होते, हे आपण विसरतो. एका टोकाला धावांचा झरा आटला की फलंदाज दुसऱ्या टोकाला तहान भागवू पाहतो आणि तिथे धोका पत्करतो. बोर्डे यांचा प्रत्येक बळी बापूंमुळे पडला असे मी म्हणणार नाही, ते बोर्डे यांच्यावर अन्यायाचे होईल. पण ज्या डावात एक गोलंदाज ३२ षटकांत फक्त ५ धावा देतो, त्या डावात दुसऱ्याला चेंडू उंच देऊन फलंदाजाला भुलवण्याची मुभा मिळते. त्या मुभेची नोंद धावफलकात कुठेही होत नाही.

आणखी एक गोष्ट. त्या काळात भारताकडे खरे वेगवान गोलंदाज जवळजवळ नव्हते. दोन-चार षटकांत नव्या चेंडूची चकाकी गेली की चेंडू फिरकीवाल्यांच्या हाती येई आणि दिवसभर तेच राबत. असा संघ सामना हातातून निसटू द्यायचा नसेल तर कोणीतरी एक टोक धरून ठेवायलाच हवे. शेताच्या बांधाला काही कणसे लागत नाहीत. पण मृगाच्या एका जोराच्या पावसात बांध फुटला तर काळी माती कुठे जाते, हे तुम्ही जाणता.

तरीही बापूंना फक्त अडवणारा म्हणणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे. हा माणूस गरज पडेल ते काम करी. त्याच मालिकेत, फेब्रुवारी १९६४ मध्ये, कानपूरला काय झाले ते ऐका. इंग्लंडने ८ बाद ५५९ धावांवर डाव सोडला. भारताचा डाव २६६ वर संपला आणि लगेच पुन्हा खेळायची पाळी आली. पहिल्या डावात बापू नाबाद ५२ होते. दुसऱ्या डावात ते नाबाद १२२ राहिले. दोन्ही डावांत त्यांना कोणी बाद करू शकले नाही आणि सामना वाचला. कसोटीतले त्यांचे ते एकमेव शतक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात ३१ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ९१ धावांत ६ बळी घेतले. एका सामन्यात ११ बळी! तो सामना मात्र ऑस्ट्रेलियाने १३९ धावांनी जिंकला. म्हणजे बळी शून्य तेव्हा सामना अनिर्णित आणि बळी अकरा तेव्हा हार. एकट्या माणसाच्या हाती सामना नसतो, हे बापूंइतके कोणाला कळले असेल?

मुंबईच्या संघाकडून खेळताना त्यांनी १९६०-६१ मध्ये दिल्लीविरुद्ध नाबाद २८३ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या १९१ सामन्यांत त्यांच्या ८,८८० धावा आहेत, सरासरी चाळिसाच्या वर, आणि बळी बरोबर ५००. ज्याला लोक निर्धाव षटकांचा माणूस म्हणतात त्याची प्रथम श्रेणीत १४ शतके आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? फलंदाजी डाव्या हाताची, गोलंदाजी डाव्या हाताची, आणि क्षेत्ररक्षण फलंदाजाच्या अगदी जवळ, जिथे उभे राहायला छाती लागते तिथे. तेव्हा डोक्यावर शिरस्त्राणही नसे. चेंडू लागला तर लागला.

त्यांच्या कसोटी कारकिर्दीची अखेर गोड झाली. १९६७-६८ मध्ये भारताचा संघ न्यूझीलंडला गेला. परदेशात कसोटी मालिका जिंकणे भारताला तोवर कधी साधले नव्हते. वेलिंग्टनच्या सामन्यात अजित वाडेकर यांनी १४३ धावा केल्या आणि बापूंनी ४३ धावांत ६ बळी टिपले. वयाच्या पस्तिशीला टेकलेल्या या गोलंदाजाची कसोटीतली ही सर्वोत्तम कामगिरी. भारताने ती मालिका ३-१ अशी जिंकली आणि ऑकलंडच्या सामन्यानंतर बापूंनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. ४१ सामने, १,४१४ धावा, ८८ बळी. एका षटकामागे दिलेल्या धावा सरासरी दोनांहूनही कमी, १.६७. बळी दर सामन्याला दोनाहून थोडे अधिक, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते धडाधड बळी घेणारे गोलंदाज नव्हते. ते संघाला सामन्यात टिकवून धरणारे गोलंदाज होते.

या डाव्या हाताच्या संथ गोलंदाजीची आपल्याकडे एक जुनी वाट आहे. तिच्या आरंभी पळवणकर बाळू उभे आहेत. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात मैदानाची निगा राखण्याचे काम करीत आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकीत. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी ११४ बळी घेतले. तरी मैदानावर ज्यांच्याबरोबर खेळायचे त्यांच्याबरोबर चहा मात्र वेगळ्या भांड्यातून घ्यायचा, असे त्यांच्या वाट्याला आले, आणि योग्यता असून कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. डावलणे म्हणतात ते हे! जुलै १९५५ मध्ये बाळू वारले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बापूंनी पहिला कसोटी सामना खेळला. हा केवळ योगायोग, पण विसरू नये असा.

आणि हे काही आपल्याच खेळापुरते नाही, बरं का. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू टप्पा न पाडता सरळ फलंदाजाकडे फेकतात आणि तिथे तर वेगाची पूजा फारच. त्या खेळात जेमी मोयर नावाचा एक डावखुरा होऊन गेला. त्याचा चेंडू इतरांच्या मानाने अगदी मंद. पण कुठे टाकायचा आणि किती सावकाश टाकायचा हे त्याला पक्के ठाऊक होते. १९८६ पासून २०१२ पर्यंत तो खेळला, २६९ सामने त्याच्या नावावर विजयाचे लागले आणि कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतून, एप्रिल २०१२ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी त्याने सामना जिंकून दिला. त्या खेळाच्या थोरल्या स्पर्धेत इतक्या वयाच्या दुसऱ्या कोणा गोलंदाजाने सामना जिंकलेला नाही. वेगवान माणसाचा वेग वयाबरोबर उतरतो. ज्याची भिस्त नेमावर असते त्याला वय जरा उशिरा गाठते.

निवृत्तीनंतर बापू क्रिकेटच्या कारभारात राहिले. भारतीय संघाबरोबर सहाय्यक व्यवस्थापक म्हणून दौऱ्यांवर गेले. सुनील गावसकर यांनी त्यांची एक आठवण सांगितली आहे. तरुण खेळाडूंना बापू नेहमी दोनच शब्द ऐकवीत, ‘छोडो मत’. सोडू नका, तग धरा. १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत, वयाच्या ८६ व्या वर्षी, बापूंचे निधन झाले.

मंडळी, ही हकीकत मी तुम्हाला विक्रम पाठ व्हावेत म्हणून सांगितली नाही. जिंतूर असो, पाथरी असो, गंगाखेड असो की पूर्णा, सुगी झाली की मोकळ्या वावरात पोरांचे डाव रंगतात. भिडू वाटून घेताना आधी कोण निवडले जातात? जो लांब टोला मारतो तो आणि जो जोरात चेंडू टाकतो तो. उरलेल्या पोराला चेंडू आणायला उभे करतात. एखादा किरकोळ अंगाचा, डावखुरा पोरगा तिथेच मागे राहतो आणि मग खेळायला यायचेच बंद करतो. त्याच्या हातात काय आहे हे कोणी पाहिलेलेच नसते.

त्या पोराला तुम्ही एक काम करायला सांगा. अंगणात, नाहीतर शाळेच्या मागे, जमिनीवर चुन्याची एक लहानशी खूण करून द्या आणि रोज शंभर चेंडू त्या खुणेवर टाकायला लावा. पहिल्या दिवशी दहा पडतील. महिन्याने चाळीस पडतील. याला मैदान लागत नाही, पैसा लागत नाही, दणकट शरीर लागत नाही. मास्तरांनी आणि घरच्यांनी एवढेच करावे की त्याचा डावा हात मुरगाळून उजवा करू नये आणि चेंडू हळू येतो म्हणून त्याला हसू नये. तो मोठा खेळाडू होईलच असे मी सांगत नाही. पण एक काम नेटाने, कोणी पाहो न पाहो, बिनचूक करायची सवय त्याच्या हाताला लागेल. ती त्याला वावरात, कारखान्यात किंवा कचेरीत, जिथे तो जाईल तिथे उपयोगी पडेल.